चाकातच कुलूप: हुडकेश्वरच्या एका ट्रॉलीमालकाचं प्रकरण

नागपूरच्या हुडकेश्वरला राहणारे एक गृहस्थ बांधकामवाल्यांना ट्रॉल्या भाड्याने देतात. त्यांच्याकडे ट्रॅक्टर एकच, चारचाकी ट्रॉल्या चार आणि उन्हाळ्यात चालणारा पाण्याचा एक टँकर. बहुतेक वेळा ट्रॅक्टर ठेकेदाराचा असतो आणि ट्रॉली यांची. साइटवर नेऊन सोडायची, महिनाभर विटा, गिट्टी, मुरूम वाहायचा, काम संपलं की पुढचं ले-आउट, म्हणजे प्लॉट पाडलेली पुढची नवी वस्ती. बेसा, पिपळा, बेलतरोडी, उमरेड रोडच्या आतल्या बाजूच्या नव्या वस्त्या, हा त्यांचा पट्टा.

पोळ्याला नागपूर आणि आसपासची कामं बंद पडतात. पहिल्या दिवशी बैल, दुसऱ्या दिवशी मुलांचा तान्हा पोळा आणि मारबतीची मिरवणूक. मजूर गावाला जातात, चौकीदारही घरी जाऊन येतो. अशाच सुट्टीत पिपळ्याकडच्या एका ले-आउटवर उभी असलेली त्यांची ट्रॉली गेली. सुट्टी संपल्यावर ठेकेदाराने फोन करून विचारलं, "ट्रॉली तुम्ही नेली का?" तेव्हा कुठे कळलं.

जागेवर चिखलात ट्रॅक्टरच्या मागच्या टायरचे ठसे होते आणि दांड्याखाली टेकू दिलेला दगड कलंडलेला होता. तुटलेली साखळी नाही, कापलेलं कुलूप नाही. तोडावं लागेल असं त्या ट्रॉलीला काही नव्हतंच. पोलिसांत फिर्याद झाली, भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०३(२) खाली गुन्हा नोंदला गेला. ट्रॉली आजवर मिळालेली नाही.

आमची हिंगणा एमआयडीसीत फॅब्रिकेशनची शेड आहे. त्यांच्या ट्रॉल्यांची दुरुस्ती आम्हीच करत आलो, म्हणून ते आमच्याकडे आले आणि म्हणाले, "भाऊ, इंजिन असतं तं च्याबी खिशात ठेवली असती. हिले तं कोनताही ट्रॅक्टर चालते." या एका वाक्यात सगळी अडचण आली होती. उरलेल्या तीन ट्रॉल्यांचं काय केलं, का केलं आणि त्यात काय अडलं, ते इथे सविस्तर लिहितो आहे. विदर्भात ट्रॉली असलेला प्रत्येक माणूस या जागी उभा राहू शकतो, आणि बाजारात या गरजेसाठी तयार वस्तू फारशी मिळत नाही.

ट्रॉली न्यायला काय लागतं

मोटार वाहन कायदा, १९८८ मधल्या व्याख्येप्रमाणे ट्रेलर हेसुद्धा मोटार वाहनच आहे. कागदावर त्याला वाहनाचा दर्जा आहे, पण वाहनाला मिळणारं संरक्षण त्याच्या वाट्याला आलेलं नाही. कारला आणि मोटरसायकलला स्टिअरिंग लॉक असतो. पश्चिम जर्मनीने १९६१ पासूनच नव्या गाड्यांना तो सक्तीचा केला, अमेरिकेत १९७० पासून कारसाठी चोरीविरोधी कुलपाचा नियम आला. पुढे चावीतल्या चिपशिवाय इंजिन सुरूच होऊ न देणारे इमोबिलायझर आले. हे सगळे उपाय इंजिन किंवा स्टिअरिंगवर बसलेले. ट्रॉलीला ही दोन्ही अंगं नाहीत. एक दांडा, त्याच्या टोकाला कडं, आणि चार चाकं. दुसऱ्याचा ट्रॅक्टर मागे आणा, पिन टाका, निघा. गिअर बदलायला लागतो त्याहून थोडाच जास्त वेळ.

वाडी आणि कापसीला उभे राहणारे मोठे ट्रेलर यापेक्षा बरे, असं वाटू शकतं, कारण त्यांना एअर ब्रेक असतात. हवा गेली की ब्रेक चेंबरमधली दणकट स्प्रिंग चाकं पकडून ठेवते. पण ही सोय उतारावर ट्रेलर घरंगळू नये म्हणून आहे, चोरासाठी नाही. दुसरा घोडा (ट्रेलर ओढणारी पुढची गाडी) लावला, हवेचा लाल पाईप जोडला आणि हवा भरली की स्प्रिंग सुटते. हवा नसली तरी चेंबरच्या मागचा बोल्ट फिरवून ती स्प्रिंग दाबून ठेवता येते. रस्त्यात बंद पडलेली गाडी ओढायला मेकॅनिक हेच करतात. म्हणून ट्रेलरवाले किंगपिनला, म्हणजे ट्रेलर घोड्याला जिथे अडकतो त्या खुंटीला, वेगळं कुलूप लावतात. आमच्या प्रकरणातल्या ट्रॉल्यांना तर ब्रेकच नव्हते. भाड्याच्या कित्येक ट्रॉल्यांची हीच स्थिती आहे, आणि ती चोरीच्या प्रश्नाहून गंभीर गोष्ट आहे, हे इथे सांगितलंच पाहिजे.

मालकाने आधी काय काय करून पाहिलं होतं

तीन उपाय त्यांनी स्वतःच केलेले होते. चाक आणि एक्सलभोवती साखळी बांधून कुलूप: पहिले काही दिवस चाललं, मग साखळी टूलबॉक्समध्येच राहू लागली. दांड्याच्या कड्यात कुलूप: दोरखंड किंवा साखळीने दांडा बांधून ओढला तर कड्याचा प्रश्नच येत नाही. एका चाकातली हवा काढून ठेवणं: सकाळी हवा भरायला पंप कुठून आणायचा, आणि बसलेल्या टायरवर कुणी विटा चढवल्या तर टायर गेलाच.

वाहतूक पोलीस लावतात तसा जॅमर घ्यावा, असं त्यांच्या मुलाचं म्हणणं होतं. जॅमर चांगलाच आहे. अमेरिकेतल्या डेन्व्हर शहरात १९५५ पासून तो वापरात आला, फ्रँक मरग यांनी त्याचं पेटंट १९५८ मध्ये घेतलं, आणि मूळ कल्पना आजही तीच आहे. पण तो दंड न भरणाऱ्याची गाडी अडवायला बनला. तो लावायला पगारी माणूस असतो आणि तो ते काम म्हणून करतो. दिवसभर विटा वाहिलेल्या ड्रायव्हरने अंधारात, चिखलात, वजनदार जॅमर शोधून बसवावा, ही अपेक्षा धरून व्यवस्था उभी राहत नाही. शिवाय जॅमर ही सुटी वस्तू. एका साइटवर राहतो, ट्रॉली दुसरीकडे जाते. कधीतरी जॅमरच चोरीला जातो.

जीपीएसचा विचारही झाला. ट्रॉलीला बॅटरी नाही, म्हणजे स्वतःच्या बॅटरीवर चालणारा ट्रॅकर हवा, त्याचं सिम आणि चार्जिंग कुणीतरी सांभाळायला हवं. ट्रॅकर सांगतो ते गाडी हलल्यानंतर. तो नकोच, असं माझं म्हणणं नव्हतं. पण जे वाहन आधी कुठल्याच गोष्टीने अडत नाही, त्याला ट्रॅकर लावणं म्हणजे चोराच्या मागे धावायची तयारी. मला ट्रॉली जागेवर राहायला हवी होती.

इथून निर्णयाची दिशा पक्की झाली. कुलूप चाकाला हवं, कारण कुणी कशानेही ओढलं तरी शेवटी चाकच फिरावं लागतं. आणि ते ट्रॉलीचाच भाग हवं, म्हणजे विसरायला, हरवायला, दुसऱ्या साइटवर राहायला ते सुटं उरणारच नाही.

चकती आणि पिन

युरोपात कॅरॅव्हॅनसाठी (कारमागे ओढायचं फिरतं घर) अल-को कंपनीचं एक कुलूप मिळतं. चाकामागे एक भाग कायमचा बसवलेला असतो आणि चाकाच्या आऱ्यांमधल्या फटीतून एक लाल तुकडा घालून तो त्यात आवळतात. मजबूत आहे. अडचण एकच: फट आणि तो भाग समोरासमोर यावा लागतो, म्हणून गाडी थोडी पुढे-मागे सरकवावी लागते किंवा जॅक लावून चाक फिरवावं लागतं. नवऱ्याने गाडी सरकवायची आणि बायकोने वाकून बघायचं, हे सहलीला चालेल. साइटवर कुणी करणार नाही.

आम्ही चाकासोबत फिरणारी १० मिलिमीटर जाडीची पोलादी चकती केली. हब (एक्सलच्या टोकाला फिरणारा, चाक ज्यावर बसतं तो भाग) आणि रिम यांच्या मधे, चाकाच्याच स्टडवर, म्हणजे नट आवळायच्या बोल्टांवर, ती बसते. तिच्यात मध्यापासून १२० मिलिमीटरवर, गोलाकार, सारख्या अंतराने १२ भोकं. समोर एक्सलवर पक्क्या बसवलेल्या नळीत २० मिलिमीटर जाडीची पिन, मागे स्प्रिंग. चकतीचा पत्रा आणि पिनसाठीचा ईएन-८ जातीच्या पोलादाचा गज इतवारीच्या लोहाओळीतून आणला, लेथचं काम शेजारच्या शेडमध्ये झालं.

१२ भोकं का, याचा हिशेब सोपा आहे. ७.५०-१६ टायरचा घेर साधारण अडीच मीटर. त्याचे १२ भाग केले की एक भाग २१ सेंटिमीटर येतो. कुलूप लावताना पिन भोकासमोर नसली तरी बिघडत नाही. ती चकतीवर टेकून थांबते आणि कुणी ट्रॉली ओढली की वीतभर अंतराच्या आत भोकात पडते. ड्रायव्हरला वाकून काही जुळवावं लागत नाही. या एका गोष्टीमुळे ही वस्तू रोज वापरली गेली, असं मी खात्रीने म्हणेन.

आता ताकद. रिकामी ट्रॉली सुमारे १,६०० किलो, म्हणजे प्रत्येक चाकावर ४००. कोरड्या डांबरावर घर्षण ०.७ धरलं तर अडवलेलं चाक घसरायला २८० किलोचा जोर लागतो. हा जोर टायरच्या कडेवर, मध्यापासून ४० सेंटिमीटरवर. पिन १२ सेंटिमीटरवर. त्यामुळे पिनवर येतो सव्वातीन पटींहून थोडा जास्त, सुमारे ९३० किलो. ट्रॉलीत पाच टन माल असेल तर तोच आकडा ३,८५० किलोच्या आसपास जातो. ईएन-८ ची २० मिलिमीटरची पिन कायमची सरकून वाकायला साधारण पाच टन लागतात, तुटायला त्याच्या दुप्पट. भरलेल्या ट्रॉलीचा हिशेब चोरासाठी केला नव्हता. आपलाच ड्रायव्हर कुलूप काढायचं विसरून भरली ट्रॉली ओढेल, तेव्हा पिन टिकायला हवी, म्हणून केला होता.

दोन गोष्टींवर आम्ही अडून बसलो. पहिली, एक्सलवर वेल्डिंग नाही. वेल्डिंगच्या उष्णतेने शेजारचं पोलाद बिथरतं, आणि रोज हजारो हेलकावे खाणाऱ्या एक्सलला तिथूनच चीर सुटते. नळीचा ब्रॅकेट यू-बोल्टने आवळला. कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे नोंदणीपत्रातला तपशील बदलेल असा फेरफार मालकाला परस्पर करता येत नाही. एक्सल आणि चासीस जसेच्या तसे राहिले की तोही प्रश्न उद्भवत नाही. दुसरी, लांब स्टड. हब आणि रिमच्या मधे १० मिलिमीटरची चकती आली की नटला तेवढे आटे कमी मिळतात. जुन्याच स्टडवर हे बसवून देणारा मिस्त्री स्वस्तात काम करेल आणि कधीतरी भरल्या ट्रॉलीचं चाक निघून जाईल. कुणी हे वाचून स्वतः करणार असेल तर ही एवढी ओळ लक्षात ठेवावी.

चालत्या ट्रॉलीत पिन पडली तर

खरं डोकं इथे खर्च झालं. कुलूप मागच्या दोन चाकांना बसणार होतं, आणि मालकाची मागणी होती की त्या दोन्ही चाकांच्या पिना एका लिव्हरने चालाव्यात. कागदावर सोपं होतं: लिव्हरपासून दोन्ही पिनांना केबल, स्प्रिंग पिन आत ढकलते, केबल बाहेर ओढते. चोराने केबल कापली तर पिन आतच राहते, म्हणजे कुलूप सुटत नाही.

पण तीच केबल रस्त्यावर तुटली तर? उमरेड रोडवर, पाच टन विटा घेऊन जाताना, मागचं एक चाक अचानक गच्च होतं. ट्रॉली आडवी होते, आणि मागून दुचाकीवर एखादं कुटुंब येत असतं. स्प्रिंग उलटी लावली, म्हणजे ती पिन बाहेर ढकलेल आणि केबल आत ओढेल, तर रस्ता सुरक्षित, पण पक्कड घेऊन आलेला चोर दोन सेकंदांत मोकळा. चोरासाठी केबल तुटल्यावर पिन आत राहायला हवी, रस्त्यासाठी बाहेर. एका स्प्रिंगकडून दोन्ही मागता येत नाही.

म्हणून केबल काढून टाकली. प्रत्येक चाकाची पिन वेगळी, आणि नळीला इंग्रजी जे अक्षरासारखी खाच. पिनचा दांडा ओढून, फिरवून खाचेत बसवला की पिन बाहेर. खाचेतून सोडला की स्प्रिंगने आत. शिवाय दोन्ही अवस्थांमध्ये चावीचं कुलूप पिनला पकडून ठेवतं. लावायलाही चावी, उघडं ठेवायलाही चावी. कितीही खड्डे आले तरी पिन आपोआप पडत नाही, आणि उभ्या ट्रॉलीत कुणी खोडसाळपणे ती उघडू किंवा टाकू शकत नाही. ड्रायव्हरला दोन चाकांपाशी दोनदा वाकावं लागतं. मालकाला ते पटलं नव्हतं. मी म्हटलं, "काका, एका वाकण्यासाठी मी कुणाच्या जिवाची जोखीम घेणार नाही. दुसरीकडून करून घ्यायचं तर घ्या." त्यावर ते काही बोलले नाहीत, आणि काम आमच्याकडेच राहिलं.

कुलूप लावलेलं आहे की नाही हे ट्रॅक्टरवरून मान वळवून दिसावं, म्हणून पिनच्या दांड्याला लाल पट्टी लावली. पिन आत असेल तेव्हाच ती बाहेर दिसते.

दोन चाकं पुरेत का

मागची दोन चाकं अडवली की रिकाम्या ट्रॉलीला ओढायला साधारण ५६० किलोचा जोर लागतो. ४५ अश्वशक्तीचा दोन टनी ट्रॅक्टर, त्याच्या मागच्या चाकांवर साधारण १,३०० किलो, म्हणजे डांबरावर तो ९०० किलोपर्यंत ओढू शकतो. हिशेब स्पष्ट आहे: ट्रॅक्टर ट्रॉली फरपटत नेऊ शकतो. टायर घासतील, काळे पट्टे उमटतील, आवाज होईल, पण न्यायचं ठरवलंच तर नेईल. चारही चाकं अडवली तर ११०० किलोच्या वर जोर लागेल आणि ट्रॅक्टरचीच चाकं जागेवर फिरतील. पण पुढची चाकं दांड्याबरोबर टर्नटेबलवर (एकावर एक फिरणाऱ्या दोन गोल कड्यांवर) वळतात, तिथे चकत्या बसवणं खर्चिक आणि किचकट.

मग उलटा विचार केला. ट्रॉलीलाही वळणारा भाग आहे. टर्नटेबलच्या वरच्या आणि खालच्या कड्यांतून आरपार एक भोक पाडलं, दांडा पूर्ण एका बाजूला वळलेला असताना ते जुळतं, त्यात तशीच चावीची पिन. कारच्या स्टिअरिंग लॉकचं हे ट्रॉलीतलं रूप आहे. दांडा बांधून कुणी ओढलं की ट्रॉली सरळ जातच नाही, मागच्या अडलेल्या चाकांभोवती गोल फिरू पाहते. वीस फुटी ले-आउट रस्त्यावर ती लगेच कुणाच्या कंपाउंडला लागते.

हा भाग मला स्वतःला सगळ्यात आवडला, आणि वापरात तोच सगळ्यात कमी पडला. ट्रॉली सोडताना दांडा पूर्ण वळलेला असेलच असं नाही, अरुंद प्लॉटमध्ये तेवढा वळायला वाव नसतो. रिकामी असेल तर दोन माणसं दांडा ढकलून वळवतात. भरलेली असेल तर नाही. म्हणून डावीकडे आणि उजवीकडे अशी दोन्ही बाजूंना भोकं ठेवली. तरी ड्रायव्हर मागच्या पिना रोज लावतात आणि टर्नटेबलची पिन फक्त लांब सुट्टीच्या आधी. मालकाने तोच नियम करून टाकला: रोज दोन, सणाला तीन.

काळी माती

पहिल्या पावसाळ्यात एका ट्रॉलीची पिन खाचेतून सुटली, पण आत गेली नाही. नळीत काळी माती शिरून, वाळून, विटेसारखी घट्ट बसली होती. कुलूप लागलं असं वाटतं पण लागलेलं नसतं, ही अवस्था कुलूप नसण्याहून वाईट. तरी लाल पट्टी दिसली नाही म्हणून ड्रायव्हरच्या लक्षात आलं.

आमच्या मिस्त्रीने आधी सवयीने ग्रीस भरलं होतं. ग्रीसला विटेची भुकटी चिकटते आणि उन्हाळ्यात, पारा ४५ वर गेला की, ते पातळ होऊन चकतीवर ओघळतं. त्याऐवजी कोरडी ग्रॅफाइट पूड वापरली, नळीच्या तळाला पाणी आणि माती पडून जायला भोक पाडलं, आणि तोंडाशी रबरी बेलो (घड्यांचं लवचीक आवरण) चढवला. पिन आणि नळीतली जागाही वाढवली. चपखल बसवलेली पिन शेडमध्ये छान दिसते, पण शेतात आणि साइटवर थोडी सैल असलेलीच चालते. तेव्हापासून अडचण आली नाही, पण महिन्यातून एकदा पाण्याचा फवारा मारून नळी धुवायची, हे काम वाढलं.

ग्राइंडरचा प्रश्न लोक हमखास विचारतात. बॅटरीवर चालणारं ग्राइंडर आता स्वस्त आहे आणि त्याच्यापुढे २० मिलिमीटरची पिन काही अजिंक्य नाही. पण ती चाकाच्या आत, रिमच्या पोकळीत आहे. तिथे ग्राइंडरची चकती सरळ पोचत नाही, आडवं झोपून काम करावं लागतं, ठिणग्या आणि आवाज होतो, आणि हे दोन चाकांना करावं लागतं. चाकच बदलून नेईन म्हटलं तर चकती हबवर आहे, रिमवर नाही. चाक काढलं तरी हब अडलेलाच राहतो. नट काढले की चकती सैल होते, हे मात्र खरं, म्हणून प्रत्येक चाकाचा एक नट विशेष सॉकेटनेच निघेल असा घातला.

ठेकेदाराचा राग

चोरीचा प्रयत्न झाला का, हे विचारणाऱ्यांना सांगण्यासारखी एकच घटना आहे. बेलतरोडीकडच्या साइटवर एका सकाळी ट्रॉली वीतभर सरकलेली आणि मागच्या टायरखालची माती खरवडलेली आढळली. मालकाला वाटलं, कुलपाने चोर परतवला. चौकशी केल्यावर कळलं ते वेगळंच: पहाटे स्लॅबसाठी काँक्रीटचा मिक्सर आला होता, ट्रॉली वाटेत होती, ठेकेदाराच्या ट्रॅक्टरने ती बाजूला करायचा प्रयत्न केला. वीतभराच्या पुढे हलली नाही. मिक्सर दीड तास थांबला. ठेकेदार इतका चिडला की पुढच्या महिन्याचं भाडं त्याने दुसऱ्याकडे नेलं.

माझ्या दृष्टीने या प्रकरणातली ही सगळ्यात महत्त्वाची घटना आहे. कुलूप चोरापेक्षा कितीतरी जास्त वेळा आपल्याच माणसाला अडवतं, आणि त्याचा खर्च भाड्याच्या धंद्यात थेट गिऱ्हाइकाच्या रूपाने द्यावा लागतो. उपाय यंत्रात नव्हता. तिन्ही ट्रॉल्यांच्या पिना एकाच चावीच्या होत्या, त्या वेगवेगळ्या केल्या, आणि प्रत्येक साइटच्या सुपरवायझरकडे फक्त त्या ट्रॉलीची एक चावी सही घेऊन द्यायला सुरुवात केली. ट्रॉलीच्या दोन्ही बाजूंना मालकाचा नंबर आणि "चाकाला लॉक आहे, ओढू नये" असं मोठ्या अक्षरांत रंगवलं. चावी सुपरवायझरकडे गेली की चोरीची एक वाट उघडते, हे मालकाला दिसत होतं. पण मग निदान कुणाकडे बोट दाखवायचं ते कळतं, असं त्यांचं उत्तर होतं, आणि ते मला मान्य आहे.

कागदपत्रं

चोरीला गेलेल्या ट्रॉलीचे पैसे मिळाले नाहीत. विमा ट्रॅक्टरचा होता. ट्रॉलीची वेगळी नोंद आणि वेगळी किंमत पॉलिसीत नव्हती. आता तिन्हींची आहे. चोरी लक्षात येताच पोलिसांत आणि विमा कंपनीत त्याच दिवशी कळवायचं, हेही ठरलं. ट्रॅक्टरचोरीच्याच एका प्रकरणात २०२० साली सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं आहे की फिर्याद ताबडतोब झालेली असेल तर निव्वळ विमा कंपनीला उशिरा कळवलं म्हणून दावा नाकारता येत नाही. तरी वाद कोर्टापर्यंत न्यावाच कशाला? चासीस नंबर ज्या पट्टीवर असतो ती पट्टी काढून टाकणं सोपं, म्हणून तोच नंबर चकत्यांवर, टर्नटेबलवर आणि डाल्याच्या (माल भरायच्या पेटीच्या) आतल्या बाजूला ठोकला आणि त्याचे फोटो मालकाच्या फोनमध्ये ठेवले.

टँकर

राहिला पाण्याचा टँकर, आणि तिथे ट्रॉलीचं माप चालत नाही. तो दोनचाकी आहे, टर्नटेबल नाही, आणि ५,००० लिटर पाणी म्हणजे पाच टन वजन दोनच चाकांवर. प्रत्येक चाकावर तीन टनांच्या जवळपास. ९.००-१६ टायर धरून तोच हिशेब केला तर २० मिलिमीटरच्या पिनवर साडेसात टनांचा जोर येतो, म्हणजे विसरून ओढलेल्या पहिल्याच हिसक्यात ती वाकेल, आणि वाकलेली पिन चकतीत अडकली की टँकर रस्त्यातच उभा. म्हणून भोकांचं वर्तुळ १२० वरून १५० मिलिमीटरवर नेलं आहे, त्याने जोर सहा टनांवर उतरतो, आणि पिन ३० मिलिमीटरची घेतली आहे, जी साडेअकरा टनांपर्यंत वाकत नाही. चकती १६ मिलिमीटरची लागेल, स्टड आणखी लांब. दांड्याखालचा स्टँडही बदलायचा आहे: चाकं अडवलेली असताना कुणी पुढून ओढलं तर आत्ताचा स्टँड मुडपून दांडा खाली आपटेल. टँकर मार्चमध्ये कामाला लागतो, त्याआधी हे बसवून भरल्या टँकरवर ओढून पाहायचं आहे, आणि ओढायला मालकाचाच ट्रॅक्टर येणार आहे.